आजोळचा भूगोल

रुईशुए, तुझा फोन आला तेव्हा मी कोबी मिठात दाबत होतो.
तुमच्या शेनझेनला म्हणे नोव्हेंबरातही पंखे लागतात.
इथे काचेवर आतून बर्फ धरलाय.
शाळेनं मागितलंय: आजोळच्या प्रांताची माहिती, एक पान.

तर लिही. ल्याओनिंग.
ल्याओ ही नदी, निंग म्हणजे स्वस्थता.
हे नाव ठेवलं एकोणतीस साली.
दोन वर्षांत जपानी फौजा आल्या, नाव पुसलं गेलं.
दृष्ट लागली नावाला, माझी आई म्हणायची.
आपल्या फुशुनमधून वाहते ती हुन. हुन म्हणजे गढूळ.
त्या नावाला आजवर कुणी हात लावला नाही.

पूर्वेला डोंगर.
तिकडे एके काळी वाळुंजांचं कुंपण होतं, शेकडो मैल,
पलीकडे सम्राटाचं जिनसेंग, सम्राटाची हरणं,
परक्यानं पाऊल टाकायचं नाही.
आईचं घराणं कुंपणाच्या आतलं, मांचू. ग्वालग्या.
पुढे ते आडनाव सांगायची चोरी झाली
तेव्हा छाटून गुआन केलं,
दारातून जाईना म्हणून कपाटाचे पाय कापावेत तसं.

वडील परके.
शानतुंगच्या दुष्काळातून आले,
खांद्यावरच्या कावडीच्या एका टोपलीत बसून.
दुसरीत कढई,
आणि पोराइतकं वजन भरावं म्हणून कढईत दगड.
कुंपण तोवर सरपणात गेलं होतं.
दगड मात्र आजोबांनी फेकले नाहीत.
त्यातलाच एक आत्ता कोबीवर आहे.

खनिजे: कोळसा. हे ठळक लिही.
सोळाव्या वर्षी वडील खाणीत उतरले, गळ्यात पितळी बिल्ला, एकतीसशे सात.
तेव्हा आपल्या माणसानं भात खाणं गुन्हा होता.
ओकाच्या फळांचं पीठ मिळायचं, पोटात सिमेंटसारखं बसायचं.
ते म्हातारपणीही भात भिंतीकडे तोंड करून खात.

मग खाण आपली झाली.
मी तिच्या पायऱ्यांवरून विजेचं इंजिन चालवलं, एकवीस वर्षं.
सहा किलोमीटर लांब खड्डा, वरून आमच्या गाड्या गोमेसारख्या.
तुमच्या पुस्तकात प्रांताचं सर्वोच्च शिखर असेल.
माझं विचारशील तर उंची खाली मोजायची: चारशे मीटर.

त्र्याऐंशी साली, तुझी आई जन्मली त्या आठवड्यात,
कोळशात एक अंबर सापडला, जर्दाळूएवढा.
आत चिलट. एक पाय उचललेला.
जमा करायला हवा होता. नाही केला.
तुझ्या आजीनं तो लोकरी मोज्यात पंधरा वर्षं ठेवला.

अठ्ठ्याण्णवला यादी लागली.
माझं नाव दुसऱ्या पानावर, लाओ छूच्या खाली.
जितकी वर्षं नोकरी तितक्या वर्षांचे पैसे, सही, अंगठा,
आणि एक मग, त्यावर लाल अक्षरांत: गौरव.
लाओ छू आठवडाभर तसाच डबा घेऊन निघायचा,
नदीकाठी बसून जेवायचा, संध्याकाळी परतायचा.
बायकोला माहीत होतं. ती डबा भरत राहिली.

अंबर विकला तुझ्या आईच्या नर्सिंगच्या फीसाठी.
दुकानदार म्हणाला, चिलट नसतं तर निम्मेच दिले असते.
म्हणजे तू तिथे आहेस त्यात त्या चिलटाचाही वाटा आहे.
हे लिहू नकोस, बाई मार्क कापतील.

समुद्राकडे दलदल आहे, शरदात लालबुंद होते,
लोक फोटो काढायला जातात. ते लिही.

खाण आता बंद. पण जमीन सरकते.
स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा आहे,
मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घालतो.
पट्टी फाटली की नवी.
सव्वीस ऑगस्टची टिकली होती सत्तर दिवस.
आज सकाळी पाहिली, मध्ये केसाएवढी फट.
पान कधी द्यायचंय? सोमवारी ना?
थांब, खळ कालवतो आणि सांगतो.